जहाज जाऊ दे

घरासमोरून जहाज जात असताना पेल्यातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटतात. जहाजाचं शेपूट खिडकीबाहेर गेलं की चहा सपाट होतो आणि खोलीत उजेड परत येतो. या दोन गोष्टी नेहमी एकदमच होतात. त्या शुक्रवारी सकाळी चहा सपाट झाला, उजेड मात्र आला नाही.

हे सर्वांत आधी नवालच्या लक्षात आलं. सरबताचा ट्रे हातात घेऊन ती दाराच्या फटीतून बघत होती. गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि वर्गात मुलांना जे सांगायची तेच तिने स्वतःला सांगितलं : आधी नीट बघ, घाबरायचं नंतर. तिने नीट बघितलं. खिडकीत आभाळाऐवजी लोखंडाची गंजकी भिंत होती, आणि ती हलत नव्हती. मग ती घाबरली.

आत तिचे वडील, हाज रबी, उजवा हात वर करून बसले होते. हा त्या घराचा नियम होता. हाजनी सुएझ कालव्यात जहाजांचे दोर बांधण्यात आयुष्य घालवलं होतं. त्यांची आई म्हणायची, जहाजाच्या सावलीत बोललेला शब्द जहाज घेऊन जातं. म्हणून महत्त्वाचं बोलणं चालू असताना खोली अंधारली की हाज हात वर करत आणि सगळे गप्प होत. नियम सोयीचाही होता. गळकं छत, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काहीही विचारा, हाज म्हणत, "हे जहाज जाऊ दे." आणि कालव्यात जहाजांना तोटा नव्हता.

नवालचं लग्न असंच वर्षभर जहाजांमागे थांबलं होतं. पलीकडच्या काठावरचा सब्री, पंप दुरुस्त करणारा, आईला घेऊन तिसऱ्यांदा मागणी घालायला आला होता. त्याची आई उम्म सब्री आल्या आल्याच म्हणाली होती, "हाज, आज हो म्हणा नाही तर नाही म्हणा. झगाझिगला माझ्या बहिणीची मुलगी आहे. तिच्या घरासमोरून काही जात नाही."

हाजनी घसा साफ केला होता, तोंड उघडलं होतं, आणि नेमकं तेव्हा हे जहाज आलं होतं.

"हाज, हात दुखेल," बऱ्याच वेळाने उम्म सब्री म्हणाली.

"जाऊ दे की जरा."

"ते जात नाहीये. रुतलंय."

सब्री बाहेर जाऊन बघून आला. वाळूच्या वाऱ्यात जहाज वळलं होतं, नाक पलीकडच्या काठात, शेपूट अलीकडच्या. कालवा आडवा बंद. थोड्याच वेळात सैनिकांनी काठावरचा रस्ता अडवला आणि फेरीबोट थांबवली. पाहुण्यांना घरी जायला वाटच उरली नाही.

नवालची आई रतीबा हिला सर्वांत आधी आठवलं ते जेवण. पाहुण्यांसाठी एकच बदक कापलं होतं. संध्याकाळी दुसरं कापलं. दुसऱ्या दिवशी अंडी देणारं बदकही गेलं, आणि त्यानंतर नुसती मुलुखियाची पातळ भाजी आणि भाकरी. सरबत मात्र रोज सकाळी ताजं होई आणि रोज संध्याकाळी ओतून दिलं जाई. ते लग्न ठरल्याची फातिहा, कुराणातली प्रार्थना, पढल्यावरच द्यायचं असतं, आणि फातिहा शब्द दिल्यावर.

"एवढी साखर मोरीत," रतीबा कुजबुजली. "अहो, त्यांना एकदा काय ते सांगून टाका ना."

"जहाज उभं आहे समोर. सावलीत कसं बोलू?"

सब्री रात्री शेजाऱ्यांकडे झोपे आणि दिवसा इकडे येई. रिकामं बसवेना म्हणून त्याने पंप दुरुस्त केला, मग छतावरची गळती बुजवली. उम्म सब्री नवालच्या खोलीत झोपत होती. "घोरतेस बरं का," तिने नवालला सांगितलं. "सब्रीपण घोरतो. चालेल. पण तुझा बाप हात खाली घेईल तर ना. फेरीबोट सुरू झाली की मी निघाले. मग झगाझिग."

त्या रात्रीपासून नवालला झोप लागेना.

जहाज बघायला सगळं गाव यांच्या छतावर येत होतं. उतरताना प्रत्येक जण विचारी, "काय, सुटलं का?" आणि बघे हाजकडे. हाजही पहाटे छतावर जाऊन जहाज ओढणाऱ्या टगबोटींचं काम बघत आणि खाली येत ते हलक्या पावलांनी. नवालने ते टिपलं होतं. जहाज रुतल्यापासून वडील नीट जेवत. तिच्या हातचा चहा घेत, तिच्याकडून डोळ्यांत थेंब घालून घेत आणि म्हणत, "टाक सावकाश. घाई काय आहे."

"कधी निघणार गं हे?" रतीबाने एकदा जेवताना नवालला विचारलं.

"पौर्णिमेला भरती मोठी येईल. तेव्हा उचललं जाईल."

"पौर्णिमा कधी?"

"उद्या."

हाजनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भोंगे वाजले. छतावर ओरडा झाला. खोलीत हाज, उम्म सब्री आणि सब्री पहिल्या दिवशीच्याच जागी बसले होते, समोर चहा होता. चहावर वर्तुळं उमटली. लोखंडाची भिंत हळूहळू सरकली, मग सपाट झालेल्या चहात आभाळ दिसलं. इतक्या दिवसांनी उजेड आत आला आणि सगळ्यांनी हाजकडे बघितलं.

"आता बोला," उम्म सब्री म्हणाली.

हाजनी घसा साफ केला. तोंड उघडलं. चहा पुन्हा थरथरला. मागे खोळंबलेल्या जहाजांमधलं पहिलं खिडकीत शिरलं आणि खोली अंधारली. हाजचा हात आपोआप वर गेला.

"अजून किती आहेत मागे?" उम्म सब्रीने विचारलं.

"शेकडो," सब्री म्हणाला.

दूर फेरीबोटीने शिट्टी दिली. उम्म सब्री उठली, शाल खांद्यावर घेतली. "चल रे बाबा."

सब्री उठला नाही. दार उघडलं आणि नवाल आत आली. ट्रेमधला सरबताचा पेला उचलून तिने वडिलांच्या वर केलेल्या हातात दिला, त्यांची बोटं त्याभोवती मिटवली आणि बाजूला उभी राहिली.

हाजना आता हात खाली घेतल्याशिवाय पेला ठेवता येईना, आणि वर धरलेल्या पेल्यातलं सरबत तर मनगटावरून ओघळत होतं. लाल सरबतात बारीक वर्तुळं उमटत होती. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग मुलीच्या डोळ्यांकडे. डोळे रात्रभर जागलेले होते.

त्यांनी हात खाली आणला. बाहेर जहाज अजून अर्धंसुद्धा गेलं नव्हतं.

"बसा, उम्म सब्री," ते अंधारात म्हणाले. "मुलगी दिली. हा शब्द जहाजाने नेला तर नेऊ दे, पुढच्याला पुन्हा सांगीन. दिली."