हवालदारांची बिनजोड चकरी

तासगावजवळच्या आमच्या गावची जत्रा म्हणजे कुस्त्यांचं मैदान. हलगी कडाडली की लंगोट लावलेले गडी जोड मागत, हात वर करून मातीत फेरी मारायचे. त्यांच्यामागून खाकी अर्ध्या चड्डीतले, पन्नाशीला आलेले सर्जेराव हवालदार तेवढ्याच रुबाबात फिरायचे. त्यांच्या वर केलेल्या हातात एक लाकडी चकरी असायची.

चकरी म्हणजे दोन चकत्या, मधे दोरा, दोऱ्याचं टोक बोटात. झटका दिला की खाली जायची आणि आपसूक वर यायची. गोरे तिला यो-यो म्हणत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत जखमी होऊन दवाखान्यात पडले असताना शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्यानं हवालदारांना ती शिकवली. बाकीच्यांनी लढाईहून घड्याळं आणली, घोंगड्या आणल्या; यांनी हे आणलं.

तिकडं म्हणे याच्या शर्यती लागतात. ज्याची चकरी आधी लोंबकळली तो हरला. आमच्या गावात दुसरी चकरीच नव्हती, त्यामुळं जोड यायचा प्रश्नच नव्हता. शेवटी पंच वैतागून त्यांच्या हातात नारळ ठेवत आणि मैदान मोकळं करून घेत. हवालदार तो नारळ सगळ्या गल्लीतून मिरवत आणायचे.

"माझी पाठ अजून मातीला लागली न्हाई," हे त्यांचं पालुपद. ऊस कसा आहे विचारलं तरी उत्तर हेच. मी एकदा म्हटलं, लढायलाच कुणी नाही तर पाठ लागणार कशी? त्यावर शांतपणे म्हणाले, "जोड मिळंना, ह्यात माझा काय दोष, गड्या?"

घरी ते एकटेच. संध्याकाळी आमच्या, पवारांच्या, घरापुढच्या सोप्यावर येऊन बसायचे.

माझी थोरली बहीण ताराक्का तेव्हा माहेरीच असे. तिचा नवरा त्याच लढाईत गेला होता. संक्रांतीला बायका आल्या की आई त्यांच्या ओट्या भरायची आणि अक्का मागच्या खोलीत जात्याशी जाऊन बसायची. विधवेच्या पदरात नारळ पडत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. आई नंतर रडायची, पण रीत मोडायची नाही.

त्या संक्रांतीला हवालदार सोप्यावर होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी सुताराकडून नवी चकरी करून घेऊन हजर. म्हणाले, तारा शिकली तर माझ्या जोडाची सोय होईल. आई नको नको म्हणत राहिली. अक्कानं आधी लाजून आणि मग हट्टानं चकरी शिकून घेतली. भाकरी थापणाऱ्या हाताला झटका कळायला वेळ लागला नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सोप्यावर सामना झाला. पंच मी. दोन्ही चकऱ्या बराच वेळ वरखाली होत होत्या, आणि अचानक हवालदारांची लोंबकळली. एका हातानं जेवताना दुसऱ्या हातानं चकरी खेळवणारा हा माणूस. बोट त्यांनीच आखडून घेतलेलं मी पाहिलं. तरी पंच म्हणून अक्काचा हात वर केला.

ते घरी गेले, नारळ घेऊन आले. अक्का मागं सरली.

"घे पोरी," हवालदार म्हणाले. "ह्यो जितल्याचा नारळ हाय. ह्याला रीत न्हाई."

अक्कानं नारळ पदरात घेतला. आई चुलीकडं गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी जत्रेत हवालदार पहिल्यांदाच गर्दीत बसले होते. पंचांनी सवयीनं नारळ पुढं केला. ते उठून उभे राहिले.

"मला नगं. माझी पाठ लागलीया. बिनजोड आता पवारांची तारा हाय."

अख्खं मैदान हसलं. मला हसू आलं नाही. सांगण्यासारखं त्या माणसाजवळ तेवढं एकच होतं, आणि ते त्यानं आमच्या घरात आणून ठेवलं होतं. हे उपकार फिटायचे नाहीत. मी गर्दीतच हात जोडले.

हवालदारांचं लक्ष नव्हतं. ते घाईघाईनं आमच्या सोप्याकडं निघाले होते, तारा उट्टं काढू देते का ते विचारायला.