सात आदरणीय

अपघातात गेलेल्या माणसांचा सन्मान राखला जावा आणि तपासणीसाठी काढलेल्या त्यांच्या रक्ताची हेळसांड होऊ नये, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ज्या गोष्टीबद्दल दुमत नसतं तिच्यासाठी स्वतंत्र कक्ष काढावा लागतो. त्याप्रमाणे 'दिवंगत सन्मान व नमुना संरक्षण कक्ष' निघाला. कक्षाला एक खोली मिळाली, एक शीतपेटी मिळाली आणि एक सन्मान अधिकारी मिळाले. हे अधिकारी इतक्या मृदू आवाजात बोलायचे, की ऐकणाऱ्याला आपणच वारलो की काय, अशी शंका यायची.

या खोलीत एके सकाळी कात्री येऊन बसली. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं. पण ती कपडे शिवायची आणि बोलायचीही तशीच, म्हणून गल्लीनं हे ठेवलं होतं. तिचा भाऊ बस चालवायचा. एका वळणावर बस कठडा तोडून खाली गेली आणि सात माणसं गेली, त्यात भाऊही गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की चालक प्यायलेला असल्याचा संशय आहे. पेपराला नुसता संशय होता, गल्लीला लगेच खात्री झाली. दळण आणायलासुद्धा आई घराबाहेर पडेना.

भाऊ थेंबाला शिवत नव्हता, हे कात्रीला पक्कं ठाऊक होतं. बाप त्याच पायी गेला होता आणि ते दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सातही जणांचं रक्त काढून ठेवलेलं होतं. भावाचं तेवढं तपासलं की विषय मिटला. इतकं सरळ काम होतं, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

"माझ्या भावाचं रक्त तपासून द्या," कात्री म्हणाली.

अधिकारी उठून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. समोरचा उभा राहिला म्हणून कात्रीही उभी राहिली. बराच वेळ तसाच गेला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"आपण दिवंगतांचा उल्लेख केलात. प्रत्येक उल्लेखाला एक मिनिट मौन आहे."

"मी नुसतं भाऊ म्हणाले."

अधिकारी बसत होते ते परत उभे राहिले.

दोन-तीन मौनांनंतर कात्री शहाणी झाली आणि भावाविषयी बोलताना नुसतं बोट वर करू लागली. बोटाला मौन नव्हतं. मग काम जरा पुढं सरकलं आणि अधिकाऱ्यांनी शीतपेटी उघडली. पेटी उघडली की तिलाही एक मिनिट मौन होतं आणि ते दार उघडं ठेवूनच पाळायचं होतं, कारण मौन चालू असताना हालचाल करणं अनादराचं. दोघं माना खाली घालून उभी राहिली. आतलं बर्फाचं पाणी टिपटिप खाली पडत होतं.

आत मखमलीवर रक्ताच्या सात कुप्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'आदरणीय'.

"ह्यातली माझी कोणती?"

"सगळेच आदरणीय आहेत, ताई."

"असतील. नंबर बघा ना."

"क्रमांक आम्ही काढले. जिवंतपणी माणूस रांगेत उभा राहतोच, निदान नंतर तरी त्याला क्रमांक नसावा."

"मग नाव?"

"नाव उघड होणं हा गोपनीयतेचा भंग. तेही काढलं."

"म्हणजे कुणाचं रक्त कुणाचं, ते तुम्हालाच माहीत नाही."

अधिकाऱ्यांनी एकेक कुपी डोळ्यांजवळ नेली आणि नीट वाचली. "हे आदरणीय. हेही आदरणीयच," ते म्हणाले. "त्यांच्यात डावंउजवं करणं मला तरी प्रशस्त वाटत नाही."

कात्रीचं डोकं फिरलं होतं, पण इथं ओरडून उपयोग नव्हता. या खोलीत ओरडणाऱ्यालाही हे लोक आदरानं ऐकून घेत आणि मग माणूस अगदीच हताश होई. ती म्हणाली, "निदान रक्ताचे गट तरी बघा."

"गट पाडणं आम्ही टाळतो. समाजात आधीच फार आहेत."

"बरं, मग माझं रक्त घ्या. सख्खी बहीण आहे. ज्याच्याशी जुळेल तो माझा."

हे मात्र अधिकाऱ्यांना पटल्यासारखं दिसलं. ते नियम चाळून आले आणि त्यांचा चेहरा पडला. "आपलं रक्त घेता येत नाही हो. कक्ष फक्त दिवंगतांसाठी आहे."

"म्हणजे मी मेल्यावर येऊ?"

"आपण केव्हाही या," अधिकारी मनापासून म्हणाले. "फक्त आधी कळवलंत तर बरं."

घरी आई रोज विचारायची, काय म्हणाले? कात्री म्हणायची, फार मान देतात. मग तिनं एक केलं, शिवणच उचलून कक्षात आणलं. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, काजं-बटणं करायची. मखमलीवर दोऱ्याचे तुकडे उडू लागले आणि दिवंगतांच्या सन्मानाला प्रथमच खरा धोका निर्माण झाला. प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेलं. वरिष्ठांनी तोडगा काढला, की भेदभाव न करता सातही कुप्या तपासाव्यात.

तपासणी झाली. सहा कुप्यांत काही नव्हतं. सातवीत दारू होती, आणि चांगली भरपूर होती.

झालं. आता सहा आदरणीय निर्दोष होते आणि एक प्यायलेले, पण ते एक कोण, याचा पत्ता नव्हता. सगळ्यांच्या नातेवाइकांना बोलावून घेतलं. उल्लेख फार होणार, म्हणून मौनं शेवटी एकदमच पाळायची ठरली. कात्री दाराजवळ शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसली. अधिकारी म्हणाले, "विज्ञानानं आपलं काम केलं आहे. विज्ञानाकडे नावं नाहीत, ती समाजाकडे असतात. तेव्हा ही सातवी कुपी सर्वसाधारण समजानुसार नेमून द्यायची आहे."

निवृत्त न्यायाधीशांचा मुलगा आला होता. "पप्पा न्यायाधीश होते," तो म्हणाला. एवढा पुरावा पुरेसा धरला गेला.

डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनी सांगितलं, की बाई तर लोकांची सोडवायच्या. त्याचीही नोंद झाली. बँकेच्या मॅनेजरची बायको प्रामाणिक होती. "घ्यायचे, पण पार्टीतच," ती म्हणाली, "आणि ती बाहेरच्या देशातली असायची." बाहेरच्या देशातली ही दारूत मोडत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एका बाईचे भाऊ-भावजय गेले होते, दोघंही शिक्षक. "शिक्षक होते," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्यांना कुणी पुढं विचारलं नाही.

मग खोलीतले सगळे डोळे कात्रीकडे वळले. त्यांत राग नव्हता, उलट मायाच होती.

"शेवटी ड्रायव्हर," न्यायाधीशांचा मुलगा समजुतीनं म्हणाला. "रात्रंदिवस गाडी चालवतात हो. थकतात बिचारे. घेतात."

"घेत नव्हता तो," कात्री म्हणाली. पण तिचा नेहमीचा आवाज निघेना. मघापासून प्रत्येकानं आपल्या माणसाचा धंदा सांगितला होता आणि सुटला होता, आणि तिच्याकडे सांगायला जो धंदा होता तोच आड येत होता. आईला काय सांगायचं? अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. कात्रीनं इकडंतिकडं पाहिलं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"क्लीनर होता की बसवर," ती म्हणाली. "त्याचं कोण आलंय?"

कुणीच आलेलं नव्हतं. क्लीनर चांगला चाळिशीचा माणूस, पण त्याला मागंपुढं कुणी नव्हतं, बसमध्येच झोपायचा. खोलीनं एकदम श्वास सोडला. हे कुणाला आधी कसं सुचलं नाही, असं सगळे एकमेकांना म्हणू लागले. मॅनेजरच्या बायकोनं कात्रीचा हात दाबला.

"संबंधितांची काही हरकत?" अधिकाऱ्यांनी रिकाम्या खुर्चीला अदबीनं विचारलं. नियमाप्रमाणे पूर्ण एक मिनिट वाट पाहिली. खुर्चीनं हरकत घेतली नाही. सातवी कुपी एकमतानं क्लीनरच्या नावे लागली आणि त्याच्यापुढचा 'आदरणीय' तसाच ठेवावा, असंही ठरलं, कारण कक्ष सन्मानात भेद करत नाही.

भाऊ निर्व्यसनी असल्याचा दाखला घेऊन कात्री घरी आली. शेजारणीनं तो मोठ्यानं वाचला आणि गल्लीभर सांगायला पळाली. दार सताड उघडं टाकून आई उंबऱ्यात बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग प्यायलं होतं तरी कोण?"

"क्लीनर."

आईचा पदर डोळ्यांशीच राहिला. क्लीनर त्यांच्याकडे जेवायला यायचा, कात्रीला ताई म्हणायचा. "तो?" आई म्हणाली. "अगं, खोकल्याचं औषधसुद्धा घेत नव्हता तो, वास येतो म्हणून. मीच नाक दाबून पाजायची."

"दार उघडं आहे, आई," कात्री म्हणाली. "हळू बोल." आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असो. ड्रायव्हर सुटला, हे महत्त्वाचं. तिनं क्लीनरचं नाव घेतलं तेव्हा वाचता वाचता तुम्हालाही जरा हायसं वाटलं असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या खोलीत ते सगळ्यांनाच वाटलं होतं. तरीही तुमची हरकत असलीच, तर कक्ष ती आदरानं ऐकून घेईल. फक्त हरकत त्याच खुर्चीवर बसून, क्लीनरचे कोण लागता ते सांगून घ्यायची आहे. खुर्ची अजून रिकामी आहे.