निःपक्ष बर्फ

लोकांचा पैसा लोकांसाठीच खर्च होतो आहे ना, हे पाहण्यासाठी लोकांचाच आणखी थोडा पैसा खर्च करावा लागतो. ज्या देशाला हे कळलं तो देश पुढारलेला. कॅनडाला हे फार लवकर कळलं, म्हणून तिथे नॉर्थ यॉर्कमधल्या एका उंच इमारतीत अनुदान निःपक्षता शाखा नावाची कचेरी होती आणि त्या कचेरीत देवेश बोकाडे नावाचा, मूळचा नागपूरचा, एक सज्जन ऑडिटर होता. सरकारी अनुदान घेणारी एखादी संस्था त्या पैशातून गुपचूप कुठल्या पक्षाचं भलं तर करत नाही ना, हे शोधणं त्याचं काम. तो स्वतः इतका निःपक्ष होता की हॉकीच्या मॅचमध्ये दोन्ही बाजूंच्या गोलला टाळ्या वाजवायचा (त्यामुळे त्याला मॅचला कोणी नेत नसे), आणि लंचला सूप की सॅलड असं विचारलं की घाम पुसायचा.

२००६च्या जानेवारीत, ऐन थंडीत, देशाची निवडणूक आली आणि पाठोपाठ हॅमिल्टनहून तक्रार आली.

हॅमिल्टनमध्ये ‘शेजारधर्म’ नावाचं एक मंडळ होतं. अध्यक्ष चित्रा गोगटे, पुण्याच्या, नोकरी सॉफ्टवेअरची. मंडळाचं काम एकच: म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारातला बर्फ शोव्हल करणे. फावडी आणि बर्फ वितळवायच्या मिठाची पोती घ्यायला सरकारने अनुदान दिलं होतं. तक्रार अशी, की मंडळाची माणसं उपसलेला बर्फ नेमका डावीकडच्या लॉनवर फेकतात आणि तिथे लावलेली एका उमेदवाराच्या प्रचाराची पाटी गाडली जाते. सोबत फोटो होता. फोटोत बर्फाचा ढिगारा, आणि त्यातून बुडत्या माणसाच्या हातासारखा वर आलेला पाटीचा एक कोपरा.

देवेश दुसऱ्याच दिवशी कचेरीची गाडी घेऊन हॅमिल्टनला पोचला.

“अय्या, बोकाडे! म्हणजे आपलेच की!” चित्राताईंनी दार उघडलं. “या, या. बूट तिथेच काढा. पोहे टाकलेत.”

“पोहे नको, मॅडम. ऑडिटला आलोय मी.”

“मग ऑडिट झाल्यावर खा.”

“निकालाआधी खाल्ले तर निकाल फिरला असं दिसतं.”

“बरं, निकालानंतर?”

“तेव्हा बक्षीस घेतल्यासारखं दिसतं.”

चित्राताईंनी तरीही बशी पुढ्यात ठेवली. देवेशने तिच्यावर फाइल झाकली. वास मात्र येत राहिला, आणि तो त्याने येऊ दिला (वास ही भेटवस्तू समजली जात नाही).

मग डेनिसची साक्ष झाली. डेनिस लोपीस वसईचा, सिटी बसचा ड्रायव्हर, आणि मंडळाचा सगळ्यात दणकट गडी.

“तुम्ही बर्फ डावीकडेच का टाकता?”

“उजवा खांदा निखळला होता, साहेब. दोन वर्षांमागे आइसवर पडलो. त्या साइडला फेकायला जमतच नाय.”

“म्हणजे डावीकडे कल आहे, हे मान्य?”

“कल नाय ओ. दुखतंय.”

देवेशने लिहून घेतलं: ‘डावीकडे स्पष्ट कल. कारण वैद्यकीय असल्याचा दावा.’

उपाय त्याने जागच्या जागी काढला. निम्मा बर्फ डेनिसने डावीकडे टाकावा, निम्मा चित्राताईंनी उजवीकडे. चित्राताई जिद्दीच्या. त्यांनी कंबर कसली आणि आठवड्याच्या आत उजवीकडच्या लॉनवरची दुसऱ्या उमेदवाराची पाटीही दिसेनाशी केली. लगेच त्याचीही तक्रार आली. दोन्ही बाजू सारख्याच चिडल्या, याहून निःपक्षतेचं मोठं सर्टिफिकेट कुठलं, असं देवेशला वाटलं. त्याची बॉस वेन्डी हिला तसं वाटलं नाही.

“एका फाइलीच्या दोन झाल्या,” ती म्हणाली. “काहीतरी मध्यममार्ग काढ.”

देवेश आज्ञाधारक माणूस. तो पुन्हा हॅमिल्टनला गेला आणि एका ड्राइव्हवेसमोर, म्हणजे गाडी घरापर्यंत न्यायच्या वाटेसमोर, उभं राहून त्याने विचार केला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, म्हणजे मध्ये. आणि मध्ये काय होतं? ड्राइव्हवे.

“ड्राइव्हवेवरचा बर्फ ड्राइव्हवेवरच टाकायचा,” त्याने जाहीर केलं.

“उचलायचा आणि परत तिथंच ठेवायचा?” डेनिसने विचारलं.

“हो.”

“मग उचलायचा कशाला?”

देवेशने मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. “बरोबर,” तो म्हणाला. “उचलू नका.”

आदेश निघाला. आकाशातून पडणारा बर्फ कुठल्याही पक्षाचा नसतो. माणसाचा हात लागला की तो राजकीय होतो. सबब मतदान संपेपर्यंत मंडळाने बर्फ पडल्या जागी राहू द्यावा, अन्यथा अनुदान रद्द होऊन फावडी जमा करावी लागतील.

“आणि कोणी घसरून पडलं म्हणजे?” चित्राताईंचा आवाज चढला.

“पडणं निःपक्ष असतं, मॅडम. कोणीही पडू शकतं.”

हे वाक्य कचेरीत सगळ्यांना आवडलं. वेन्डीने ते फळ्यावर लिहून ठेवलं. देवेशला मात्र ते रात्री जेवताना उगाचच आठवलं आणि भाजी थोडी खारट लागली.

मतदानाच्या दिवशी आदेश पाळला जातो आहे का हे बघायला तो निघाला. आदेश उत्तम पाळला जात होता. गल्लीत दारोदारी गुडघाभर बर्फ, कुठे फावड्याचा ओरखडा नाही. अशी आज्ञाधारक गल्ली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. एका घराच्या उघड्या दारात एक म्हाताऱ्या बाई कोट, टोपी आणि पर्स घेऊन उभ्या होत्या. या मेव्हिस आंटी. वय ऐंशीच्या पुढे, माहेर वसईचं, मंडळाच्या सगळ्यात जुन्या लाभार्थी.

“आमचा बर्फ बंद केला तो तूच काय रे?” त्यांनी थेट मराठीत विचारलं.

“होय, आंटी.”

“मला मत टाकायला जायचंय. नवरा गेला त्या साली पण मी चुकवलं नाय. शोव्हल तिथं टेकवलंय बघ.”

“मला परवानगी नाही, आंटी. मी शासनाचा माणूस आहे.”

“कोणाला देणार ते कळायला पाहिजे तुला? सांगते ना. मी दरवेळी...”

“नको नको! सांगू नका!” देवेशने मिटन्स घातलेले हात दोन्ही कानांवर दाबले.

मेव्हिस आंटींनी पर्स काखेत मारली आणि पायरीवरून खाली पाऊल टाकलं. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसरा टाकताना तोल गेला. “अरे बाप्पा!” म्हणत देवेश धावला आणि त्या पडता पडता त्याच्या हातात आल्या. पाखरासारखं वजन होतं.

त्याने त्यांना दारात खुर्चीवर बसवलं आणि फावडं उचललं.

पहिलं फावडं भरलं आणि तो अडकला. डावीकडे एक पाटी, उजवीकडे दुसरी. शेवटी त्याने ते फावडं रस्त्यापर्यंत चालत नेलं आणि कचेरीच्या गाडीच्या डिकीत ओतलं. सरकारी गाडी कुठल्याच पक्षाची नसते.

अर्धी डिकी भरली तेव्हा मागून आवाज आला. चित्राताई आणि डेनिस आपापली फावडी घेऊन उभे होते.

“आम्ही हात लावला तर अनुदान जाईल ना?” चित्राताईंनी विचारलं.

देवेशने घड्याळ पाहिलं. “मी आत्ता लंच ब्रेकवर आहे,” तो म्हणाला. “लंचमध्ये मला काही दिसत नाही.”

तिघांनी मिळून वाट काढली. डेनिस वसईची गाणी म्हणत होता, चित्राताई त्याला सूर सुधारायला सांगत होत्या, आणि देवेशच्या तळहाताला फोड आले होते. नोकरीला लागल्यापासून एवढ्या मोकळेपणाने तो हसला नव्हता. मग त्याने मेव्हिस आंटींना पुढच्या सीटवर बसवून मतदान केंद्रावर नेलं, त्या आत असताना छताकडे बघत उभा राहिला, आणि परत घरी सोडलं.

प्रामाणिक असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःविरुद्धच अहवाल दिला. शाखेने रीतसर चौकशी केली. सरकारी वाहनात राजकीय बर्फाची वाहतूक, असा आरोप होता. परंतु समिती डिकी उघडून बघेपर्यंत पुरावा वितळला होता, सबब प्रकरण मिटवण्यात आलं. ‘शेजारधर्म’चं अनुदान चालू राहिलं. देवेश दर शनिवारी हॅमिल्टनला बर्फ उपसायला जाऊ लागला. त्यासाठी त्याला, आपल्याला कुठल्याही बाबतीत काहीही मत नाही, असं लिहून द्यावं लागतं. ते तो आनंदाने देतो.

राहता राहिले वाचक. या हकिकतीत डावीकडच्या पाटीवर कोण होतं, उजवीकडे कोण, कुठला पक्ष, कुठला रंग, हे एका अक्षराने सांगितलेलं नाही. तरीसुद्धा एक पाटी गाडली गेली तेव्हा तुमच्यातले काही जण मनातल्या मनात सुखावले, आणि बाकीचे दुसरी गाडली गेली तेव्हा. (काही जणांनी तर दोन्ही पाट्यांवर आपल्या इकडचे पुढारीही चिकटवले.) तर आपण नेमके कुठल्या ओळीला हसलात, तेवढं सांगून ठेवा. पुढची चौकशी शाखा करील.