हॉटेलच्या खोलीतली चौदा माणसं

टेंभेकाका कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्च्या मोजतात. उघड मोजतात, बोट दाखवून. आम्ही अमेरिकेत ट्रॉय गावात घर घेतलं तेव्हा पूजेच्या दिवशी ते आले, दारात बूट काढले आणि हॉलवर नजर फिरवत म्हणाले, "सोफ्यावर तीन, खुर्च्या सहा, खाली गालिच्यावर फार तर दहा. बाहेर गाड्या सोळा आहेत. उरलेली माणसं कुठे आहेत?"

"काका, किचनमध्ये आहेत," माझी बायको पल्लवी म्हणाली.

ते किचनमध्ये जाऊन बघून आले. मग बसले.

काका आमचे शेजारी. वय चौऱ्याऐंशी, मूळ गाव अमरावती, अमेरिकेत आल्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. सगळी नोकरी डेट्रॉइटजवळच्या एका गाड्यांच्या कंपनीत, तीही सीट बसवण्याच्या खात्यात. गाडीत माणूस कसा मावतो, त्याचे गुडघे कुठे येतात, मागच्याचं डोकं कुठे लागतं, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं कागदावर काढलं. त्यामुळे कुठल्याही जागेत किती माणसं खरोखर मावतात हे त्यांना कळतं आणि त्याबाबतीत कोणी थापा मारलेल्या त्यांना खपत नाहीत. खरं तर कशाच्याच बाबतीत खपत नाहीत.

त्यांचा लाडका प्रश्न एकच. "त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

आमच्या मंडळाच्या सभेत अध्यक्षांनी जाहीर केलं, की यंदा गणपतीत नाटक नाही, कमिटीनं एकमतानं ठरवलंय. काका उठले. "त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?" अध्यक्ष म्हणाले, "काका, झूमवर मीटिंग होती." काका म्हणाले, "म्हणजे खोलीत कोणीच नव्हतं. नोंद घ्या." नाटक झालं. त्यात काकांना पहारेकऱ्याचं काम मिळालं आणि ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की राजालाही दोनदा अडवलं.

पल्लवीनं एकदा श्रीखंड पाठवलं. काका वाटी परत करायला आले आणि विचारलं, "चक्का घरी टांगला होता?" ती म्हणाली हो. "कुठे?" ती म्हणाली सिंकच्या नळाला. काका नळ बघून आले. नळाला टांगलेला चक्का बेसिनला टेकतो असं त्यांचं मत पडलं. तो बाजारचा होता हे कबूल करताना पल्लवीच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. "श्रीखंड चांगलं होतं," काका म्हणाले, "माहिती खोटी होती."

हा माणूस असा का झाला, याचं उत्तर त्यांच्या बेसमेंटमध्ये होतं. एका शनिवारी दुपारी त्यांनी मला खाली नेलं. टेबलावर जुना कॅसेट प्लेअर, बाजूला बुटांच्या खोक्यांमध्ये ओळीनं लावलेल्या कॅसेटी, अडतीस. भिंतीवर आलेखाच्या कागदावर काढलेला एका खोलीचा नकाशा. पलंग, टेबल, तीन खुर्च्या, बाथरूम. आणि त्यात पेन्सिलनं काढलेले बरेच गोल.

"ही हॉटेलची खोली," काका म्हणाले. "पन्नास-साठच्या दशकांतलं राजकारण आहे हे. पक्षाचं अधिवेशन चालू होतं. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरला, उपाध्यक्ष कोण ते ठरायचं होतं. ते या खोलीत ठरलं, पहाटे. या कॅसेटींवर त्या काळातल्या आतल्या माणसांच्या आठवणी आहेत. प्रचार चालवणारे, भाषणं लिहिणारे, सिनेटरांचे सेक्रेटरी. म्हातारपणी एका युनिव्हर्सिटीनं त्यांना बसवून बोलतं केलं. प्रत्येक जण सांगतो, मी तेव्हा खोलीत होतो. मी मोजले. चौदा भरतात. खोलीत खुर्च्या तीन!"

"पलंगावर बसले असतील."

"पलंगावर चार धरलेत. पाच धरले तर मधल्याला श्वास घेता येत नाही. तरी दोन जण बाथरूममध्ये घालावे लागतात. बाथरूममधून देशाचा उपाध्यक्ष ठरवता येतो का? तूच सांग."

त्या माणसांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. खोकल्या हा प्रचारातला मोठा माणूस. खोटं बोलायच्या आधी तो खोकतो असा काकांचा शोध. दुसरा फ्रँकराव. तो दर वाक्याला "टु बी फ्रँक" म्हणायचा आणि काकांच्या मते तिथून पुढे त्याच्यावर विसंबणं म्हणजे मूर्खपणा. तिसरा देवमाणूस. त्यानं आयुष्यात कोणाबद्दलही वाईट सांगितलं नाही, म्हणून काकांचा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर. रोज जेवण झालं की काका खाली उतरत, दोन तास या मंडळींना ऐकत, आणि वर येऊन मला फोन करत. "खोकल्या आज खिडकीजवळ उभा होता म्हणतो. मागच्या कॅसेटमध्ये दारात होता. दारातून खिडकीत गेला कसा? मध्ये पलंग आहे."

मी साताऱ्याचा. आमच्याकडे इतका संशय घेणाऱ्या माणसाबद्दलच आधी संशय येतो. पल्लवीला तर पहिल्यापासून आला होता.

"अरे, युनिव्हर्सिटीच्या कॅसेटी यांच्या घरी कशा?" ती म्हणाली. "आणि मला सांग, काकूंबद्दल कधी एक शब्द बोलले आहेत का? मेलेल्या सिनेटरांबद्दल दिवसभर बोलतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तिचं नावसुद्धा घेत नाहीत. काहीतरी गडबड आहे यार."

आम्ही राहायला आलो तेव्हा काकू नव्हत्याच. काकांच्या हॉलमध्ये त्यांचा एक फोटो होता, मोठं कुंकू, जाड चष्मा. मी एकदा विचारलंही, "काका, या कॅसेटी मिळाल्या कुठे?" काका म्हणाले, "युनिव्हर्सिटी टाकून देत होती." आणि विषय बदलला. जो माणूस श्रीखंडाचा उगम नळापर्यंत जाऊन शोधतो, त्यानं एवढ्या तुटक उत्तरात भागवावं हे मला खटकलं.

मग मार्चमध्ये कॅसेट प्लेअर बंद पडला. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी आयटीतला माणूस, मला हुरूप आला. म्हटलं, काका, सगळं कॉम्प्युटरवर घेऊन देतो, कायमचं काम होईल. त्यांनी तीन दिवस विचार केला. मग अडतीस कॅसेटी माझ्या ताब्यात दिल्या आणि तशी माझी सही घेतली. पल्लवीचीही घेतली, साक्षीदार म्हणून.

काम झालं आणि मी जरा जास्तच केलं. आमच्या लोकांना नुसतं काम करून समाधान नसतं, त्यात सुधारणा करायची खाज असते. टेप जुन्या, खरखर फार, मध्येच खोकला, कपबशा, दाराचे आवाज. मी एका नव्या सॉफ्टवेअरला सांगितलं, की विचारणारा प्रोफेसर आणि सांगणारा पाहुणा हे दोन आवाज ठेव, बाकी सगळा कचरा काढ. त्यानं असं लख्ख करून दिलं की माझं मलाच कौतुक वाटलं. लॅपटॉप काकांना दिला आणि विचारलं, "जुन्या कॅसेटी आता रिसायकलिंगला टाकू का? जागा अडवतात." काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. मी सगळे खोके त्याच दिवशी नेऊन टाकले.

तीन आठवड्यांनी काका आमच्या दारात उभे. आत आले, पण खुर्च्या मोजल्या नाहीत.

"काय काय काढलंस?"

"काही नाही काका. खरखर, खोकला..."

"खोकला काढलास? मग खोकल्याचं खोटं ओळखायचं कसं?" इथपर्यंत ठीक होतं. मला हसूही आलं. पण ते तसेच उभे राहिले. "सगळं ऐकलं मी, अडतीसच्या अडतीस. एक माणूस गायब आहे."

"कोण माणूस?"

"तुला कोणी सांगितलं काढायला?"

"कोणी नाही हो. कोण माणूस गायब आहे ते सांगा ना."

"काऊन सांगू? काढलंस ना? झालं तर मग." आणि ते निघून गेले. बूट हातात घेऊन, मोज्यांवर.

त्यानंतर फोन बंद. दार वाजवलं तर उघडत नव्हते. खरं सांगतो, मला वाईट वाटायच्या आधी संशय आला. अडतीस टेपवरचा हा गायब माणूस कोण? काका स्वतः तर नव्हेत? म्हातारा तरुणपणी कोणासाठी कान लावून बसलेला असायचा? पल्लवी म्हणाली, "मी सांगत होते." मूळ, साफ न केलेल्या फाइल मी डिलीट केल्या होत्या. पण डिलीट केलेलं तीस दिवस कचऱ्याच्या फोल्डरमध्ये राहतं. उघडून बघितलं, चार दिवस उरले होते. सॉफ्टवेअरनं नेमकं काय काढलं ते शोधायला मी रविवारी सकाळी मूळ फाइल लावून बसलो. काकांना पकडायचंच या हिशोबानं.

खोकल्या बोलत होता. हॉटेलची ती पहाट. "मग मी उमेदवाराच्या जवळ गेलो, आणि त्याच्या कानात एकच नाव..." आणि इतक्यात, माइकपासून जरा लांबून, एका बाईचा आवाज आला.

"एक्स्क्यूज मी, सर. वन मिनिट. टेप टर्न करायची... आय हॅव टू टर्न द टेप."

खटखट आवाज झाला. मग पुटपुटल्यासारखं, मराठीत, "अगं बाई, अडकली की ही." मग परत, "येस सर. प्लीज ड्रिंक युअर टी, इट विल गेट कोल्ड."

पल्लवी पोळ्या लाटत होती. लाटणं हातात घेऊन तशीच येऊन उभी राहिली.

दुसरी टेप लावली. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तोच आवाज. तिसऱ्या टेपवर ती शिंकली आणि सॉरी म्हणाली. देवमाणसाच्या टेपवर ती हळूच हसली, कशाला ते कळलं नाही. प्रत्येक टेपवर होती, कुठे चार शब्द, कुठे एक वाक्य. माझ्या सॉफ्टवेअरनं तिला बरोबर ओळखलं होतं. कचरा म्हणून काढलं होतं.

फाइल घेऊन मी काकांकडे गेलो. दार उघडलं नाही तेव्हा बाहेरूनच ओरडलो, "काका, काकू सापडल्या!" काय बोललो ते मागाहून कळलं. दार उघडलं.

खाली बेसमेंटमध्ये आम्ही बसलो. मी खोकल्याची टेप लावली. काका मान खाली घालून ऐकत होते. "एक्स्क्यूज मी, सर" आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. टेपवरच्या त्या गार होणाऱ्या चहापर्यंत ऐकलं आणि टेप थांबवायची खूण केली.

"ही युनिव्हर्सिटीत टेप चालवायची. मोठ्या मशीनवर मूळ टेप, जोडीला दुसऱ्या मशीनवर या कॅसेटी," ते म्हणाले. "प्रोफेसर प्रश्न विचारायचे, ही हेडफोन घालून कोपऱ्यात. पुढे तिथल्या लोकांनी मूळ टेपवरून सगळं टाइप करून घेतलं आणि कॅसेटी टाकून द्यायला काढल्या, त्या हिनंच घरी आणल्या. तेव्हा मी वैतागलो होतो, बेसमेंटमध्ये कशाला हा पसारा म्हणून." त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. "रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायची मला. आज अमका आला होता, अहो, किती खोटं बोलला, तो त्या खोलीत नव्हताच मुळी. मी पेपर वाचत हं हं करायचो. बारा वर्षं हं हं केलं रे. एक दिवस पेपर खाली ठेवला नाही."

आयटीतल्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं, ते मी बोललो. "काका, सगळ्या टेपवरचे काकूंचे तेवढे तुकडे कापून एकत्र जोडून देऊ का? सलग ऐकता येतील."

"किती होतील?"

मी अंदाज केला. "चार-पाच मिनिटं."

काकांनी मान हलवली. "नको. पाच मिनिटांत संपून जाईल. या खोटारड्यांना राहू दे मध्ये. पंचेचाळीस मिनिटं ते बडबडतात, तोवर ती यायची असते."

त्यांनी स्वतःच टेप सुरुवातीला नेली. खोकल्या खोकला, आणि काका खुर्ची पुढे ओढून बसले.