ब्रेक दाबला की खुळखुळ

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं नाही, एवढा एकच निर्णय मी घेतला होता. लिंबाचा उपयोग सरबतासाठी व्हावा, असं माझं ठाम मत आहे. (माझी सगळीच मतं ठाम असतात. कामांबद्दल विचारू नका.)

"नसन ठेवाचं तं नको ठेवू," आई म्हणाली. "मंग गाडीनं कुरकुर केली तं माह्याकडे येऊ नको."

गाडीनं कुरकुर केली नाही. खुळखुळ केली.

दुसऱ्याच दिवशी आई-बाबांना घेऊन बडनेऱ्याला निघालो, सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडीच्या पोटातून आवाज आला, खुळ्ळ. परत दाबला. परत खुळ्ळ. मागे आई विजयी चेहऱ्यानं बसली होती. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. आमच्या घरात काही बिघडलं किंवा हरवलं की आईचा पहिला संशय बाबांवर असतो.

मी थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. सोबत तीन पानी अर्ज होता. विषय : सदोष ब्रेक व ग्राहकाची फसवणूक. नितेश नावाच्या मेकॅनिकनं गाडी जॅकवर चढवली, खालून हातोडीनं ठोकून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"सर, ब्रेक चांगले हायत. एकदा गाडीतलं सामान काढून पाहू का?"

"बघा! कंपनीचं पाप ग्राहकाच्या सामानावर!" मी गरजलो. "एकाही वस्तूला हात लावायचा नाही!"

त्यानं हात लावला नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. रविवारी याच गाडीतून अकोल्याला जायचं होतं, प्रतीक्षाला मागणी घालायला. आम्ही कॉलेजपासून एकमेकांना पसंत केलेलं. पण तिचे वडील गजेंद्रकाका एसटी डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होते, आणि माझ्याबद्दल त्यांचं निदान पक्कं होतं : "पोरगं बोलते लय, करत काईच नाई." म्हणून तर मी गाडी घेतली होती. केलेलं काहीतरी दाखवायला!

मूर्तिजापूरपर्यंत मी ब्रेकच लावला नाही. (एका बैलगाडीवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या.)

काका फाटकातच उभे होते. मला वाटलं, आधी चहा होईल.

"चहा पळून नाई जात. चाल, एक चक्कर मारू."

ते पुढे बसले, प्रतीक्षा मागे. पहिल्या गतिरोधकावर गाडीनं माझी इज्जत काढली : खुळ्ळ! काकांनी डोळे मिटले.

"अजून दाब."

खुळ्ळ.

"काका, हा ब्रेक पॅडचा..."

"नाई."

"मग सस्पेन्शनचा. मी ग्राहक मंचात..."

"चूप बस न बाप्पा, आवाज आयकू दे! थांबव. उतर."

मी उतरलो. काकांनी माझ्या बाजूला येऊन ड्रायव्हरच्या सीटखाली कोपरापर्यंत हात घातला आणि एक स्टीलचा डबा बाहेर काढला. जुन्या स्कूटरच्या डिक्कीतलं सगळं सामान मी न बघता गाडीत कोंबलं होतं. डब्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती. काकांनी ती मोठ्यानं वाचली.

"संकल्प! अमरावती ते अकोला, रस्त्यानं चिंचेची झाडं. पेरणी, पाच जून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोन्तं पाच जून?"

"मागच्याच्या... मागचं."

त्यांनी झाकण उघडलं, एक चिंचोका तोंडात टाकला. कडाड् आवाज आला. ते सावकाश चावत राहिले. मला वाटलं, माझंच काहीतरी चावतायत.

"हे तं भाजलेले हायत. पेरले असते तरी काय उगवलं असतं?" ते मागे वळले. "पोट्टं काय शिकलं म्हनते?"

"बी.एस्सी. अ‍ॅग्री," प्रतीक्षा पुटपुटली.

काका आधी ओठ दाबून थांबले, मग गाडीला टेकून असे हसले की चष्मा पडला. घरी गेल्यावर त्यांनी परसातल्या चिंचेखालचे कच्चे चिंचोके वेचून डब्यात भरले आणि डबा परत सीटखाली ठेवला.

"फडक्यात गुंडायू नको. वाजू दे. ज्या दिवशी वाजनं बंद होईन, त्या दिवशी मायबापाले घेऊन ये. तारीख काढू."

त्यानंतर मी ब्रेक दाबला की गाडी मला विचारायची, काय रे, कधी? जुलैत मी आणि प्रतीक्षा सुटीच्या दिवशी कुदळ घेऊन रस्त्याकडेला उतरलो. हाताला फोड आले. पंधरा दिवसांनी गेलो तर गवतातून इवल्या पोपटी माना वर आल्या होत्या. मोजताना मी दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा प्रतीक्षाच आधी हसली.

मग आई-बाबांना घेऊन अकोल्याला गेलो. वाटेत पन्नास वेळा ब्रेक लावला. गाडी चिडीचूप! बैठक भरली, पोहे आले. काकांनी पंचांग उघडलं आणि मी पुरावा म्हणून रिकामा डबा मधोमध ठेवला.

"अवं माय, हा तं माहा डबा!" आई ओरडली. "खायले चिंचोके भाजून ठेवले होते मी याच्यात!"

बाबांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. ते बैठकीत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी उठून उभे राहिले.

"व्याही, पंचांग मिटा. पोराचं लग्न मंग पाहू. दोन वर्षं झाले, ही बाई मले चिंचोकेचोर म्हनून राहिली. आधी याचा निकाल लावा!"