प्रभूमध्ये झोपी गेला

झोपलेल्या मुलाची हजेरी मांडायची की नाही, यावर शिरूरच्या त्या ज्युनियर कॉलेजात दोन मतं होती. एक प्रभू सरांचं आणि दुसरं एबनेझर गायकवाडचं. सर अर्थशास्त्र शिकवत. मूळचे वेंगुर्ल्याचे, मनाने मऊ, नियमाला कडक, आणि आवाज असा की रडतं मूलही ऐकून गप्प व्हावं. बारावी कॉमर्सला त्यांचा तास नेमका डबा खाल्ल्यावर असे. एबनेझर शेवटच्या बाकावर बसे, हातात पेन धरी आणि 'मागणी म्हणजे' एवढं ऐकून झोपी जाई. घोरत नसे, कलंडत नसे. झोप गुणी होती, पण ती कुठल्या विषयात धरत नाहीत.

"सर, मी रोज येतो की तुमच्या तासाला," तो काकुळतीने म्हणाला.

"तू नाही येत. तुझा शर्ट येतो," सर म्हणाले. "हजेरी कमी भरली आहे. हॉल तिकीट माझ्या कपाटात आहे. पालकांना घेऊन ये, मग बघू."

हॉल तिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. पण पालक आणायचे कुठून? वडील दावीद सणसवाडीच्या कंपनीत होते. तिथे सुट्टी मिळत नव्हती आणि फोन गेटवरच जमा होई. आई इवाबाई सरांपुढे बोलण्याआधीच रडली असती. उरला दौंडचा जॉयमामा, रेल्वेत नोकरीला. मामा बोलायला लागला की समोरचा माणूस सही करूनच सुटतो, हा घरातल्या सगळ्यांचा अनुभव होता. मामाला घेऊन यायला शनिवारी सकाळी इवाबाईंनी पोराला दौंडच्या एसटीत बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "दौंड आलं की ह्याला हलवा. नुसत्या हाकंनं उठत न्हाई."

त्याच दुपारी बारावीचा निरोप समारंभ होता. निरोप म्हटला की फिशपॉन्ड आलेच. जाता जाता प्रत्येकाला एक चिमटा काढायचा आणि त्याचं भविष्य वर्तवायचं. हे काम सुमितकडे होतं. तो मोबाईलवर प्रत्येकाचा फोटो लावून कार्डं बनवत होता आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकत होता. 'एंजल कलेक्टर होईल आणि आम्हालाच रांगेत उभं करील.' 'सत्यजीत आमदार होईल, पण भाषण तेव्हाही दुसऱ्याकडूनच लिहून घेईल.' एबनेझरबद्दल मात्र काही सुचेना. जो कायम झोपलेलाच पाहिला, त्याचं भविष्य काय वर्तवणार?

या वर्गाची एक खोड होती. तासाला ते तास म्हणत नसत, सरांच्याच नावाने ओळखत. शिंदे सरांच्या तासाला चोरून डबा खाल्ला, तर 'शिंदेमध्ये डबा खाल्ला.' तेव्हा सुमितने एबनेझरचा पासपोर्ट फोटो घेतला, त्याला मोबाईलमधली पांढऱ्या फुलांची छानशी चौकट लावली आणि अगदी सरळ मनाने खाली लिहिलं, 'आमचा लाडका एबनेझर प्रभूमध्ये झोपी गेला. शेवटचा बाक तुला विसरणार नाही.'

आता ख्रिस्ती घरात 'प्रभूमध्ये झोपी जाणं' याचा अर्थ एकच होतो, आणि त्यानंतर कोणी बारावीला बसत नाही. एंजलला हे ठाऊक होतं. पण परीक्षा जवळ आली म्हणून तिचा फोन तिच्या आईने, कृपाबाईंनी, काढून घेतला होता. कार्ड कृपाबाईंनी पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि डोळे पुसत पुसत ते चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पाठवलं.

दुपारपर्यंत गायकवाडांच्या घरात माणसं दाटली. पाळकसाहेब आले. शेजारच्या मळ्याचे सोपानराव आले. पंचायत समितीला उभं राहायचं त्यांच्या मनात असल्याने ते हल्ली एकही मयत चुकवत नसत. आल्या आल्या त्यांनी दबक्या आवाजात ठरवून टाकलं, "आईला यकदम सांगायचं न्हाई. तिला कळलंय का, ते आदी बघू." मग सगळे खाली मान घालून बसले.

इवाबाईंना वाटलं, हॉल तिकिटाची गोष्ट गावभर झाली. त्यांनी चहा टाकला.

"तुमच्यापोतर पन गेली व्हय बातमी?" त्यांनी विचारलं.

"समद्या चर्चमधी गेली गं, इवा," कृपाबाई हुंदका आवरत म्हणाल्या.

"काय करायचं, मावशी? झोपंनं घात केला पोराचा."

"झोपंतच का गं?"

"तर वो! प्रभूंच्या म्होरं!"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली. आईची श्रद्धा पाहून त्यांना भरून आलं.

"आता कुठं हाय त्यो?" सोपानरावांनी हळूच विचारलं.

"दौंडला. माजा भाऊ घिऊन येतोय त्याला."

"कशात?"

"एसटीनं."

सोपानराव उडालेच. "एसटीनं? कंडक्टर घेतो?"

"तिकीट काढल्यावर न घ्यायला काय झालं? जागा न्हाई गावली तर उभ्यानं येईल."

बायकांत एकच उसासा उठला. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, हे सोपानरावांच्या ध्यानात आलं आणि त्यांचेही डोळे पाणावले. यात मत मिळवण्याचा भाग नव्हता, खरंच पाणावले. "ताई, माझी गाडी जाती दौंडला. पैशाचं नाव काढायचं न्हाई."

"आप्पा, कशाला तुमी तसदी घेता? पन पाठवताच हाय तर तीनच्या आत येऊ द्या. कॉलेजात सर वाट बघत असत्याल."

सोपानरावांनी गाडी दौंडला धाडली आणि कॉलेजात फोन करून पोरगं गेल्याचं कळवलं.

कॉलेजात हाहाकार उडाला. सगळ्यात वाईट अवस्था सुमितची झाली. "मी लिवलं झोपला, आन् त्यो कायमचाच झोपला!" तो सत्यजीतच्या गळ्यात पडला. "माजी जीभ काळी हाय रे! तू आमदार होशील ते पन मीच लिवलंय!" सत्यजीतला त्याही स्थितीत जरा बरं वाटलं. सुमितने घाबरून एबनेझरचं कार्ड ग्रुपवरून उडवून टाकलं. त्यामुळे आईकडून बातमी ऐकून रडत आलेल्या एंजलला ते बघायलाच मिळालं नाही.

तीन वाजता सभागृह भरलं. फळ्यावर रंगीत खडूने 'भावपूर्ण निरोप' लिहिलेलं होतं, ते पुसण्याची गरज पडली नाही. आधी दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. सगळे डोळे मिटून उभे राहिले. एवढ्यात मागच्या दाराने जॉयमामा आणि एबनेझर आत आले. स्टँडवरून थेट इकडेच आले होते, कारण मामाला दौंडची परतीची गाडी गाठायची होती. सोपानरावांची गाडी वाटेत न्हावऱ्याजवळ त्यांच्या समोरून धुरळा उडवत दौंडकडे गेली होती. प्रार्थना चालू आहे असं समजून दोघेही डोळे मिटून उभे राहिले. त्यातल्या एकाला तर डोळे मिटायला निमित्तच हवं होतं.

मग सत्यजीत बोलला. "एबनेझर लय मोठा माणूस झाला असता," तो म्हणाला. दोन वर्षांत त्याने एबनेझरला कबड्डीत एकदाही घेतलं नव्हतं. त्यानंतर प्रभू सर उठले. त्यांचा तो एकसुरी आवाज आज जागोजागी तुटत होता.

"मी त्याला म्हणालो, तू येत नाहीस, तुझा शर्ट येतो," सर म्हणाले. "मी चुकलो. हा मुलगा माझ्या एकाही तासाला गैरहजर नव्हता. एकाही! मी शिकवताना तुम्ही सगळे घड्याळाकडे बघता, मला दिसतं. घड्याळाकडे न बघणारा तो एकटाच होता. माझ्या आवाजाने कुणाला एवढं समाधान आजवर मिळालं नाही. तो हजर होता. मी त्याला गैरहजर मांडत राहिलो."

"मग मांडा की, सर, हजेरी!" मागून जॉयमामा खणखणीत आवाजात म्हणाला. "हितं समदे साक्षीला हायेत!"

सगळ्यांनी मागे पाहिलं. मामाच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, एबनेझर नुकताच जागा होत होता. पहिल्या रांगेतून किंकाळी आली. ती सुमितची होती.

प्रभू सर व्यासपीठावरून जवळजवळ धावतच आले. त्यांनी एबनेझरचे दोन्ही गाल चाचपून पाहिले, एक चापट मारली आणि लगेच त्याला छातीशी धरून लहान मुलासारखे रडू लागले. मामाने दौंडपासून पाठ करून आणलेलं भाषण तसंच राहिलं. सर स्वतः कपाटाकडे गेले आणि हॉल तिकीट आणून त्यांनी एबनेझरच्या खिशात घातलं.

"तू लिवलं तरी काय होतंस?" एंजलने सुमितला कोपऱ्यात गाठलं. त्याने सांगताच तिने कपाळावर हात मारला. "येड्या, आमच्यात त्याचा अर्थ मेला!"

"आमच्यात झोपला म्हंजी झोपलाच!" सुमित कळवळून म्हणाला.

कृपाबाईंनी ग्रुपवर नवा निरोप टाकला, 'एबनेझर उठला आहे. हॉल तिकीट मिळालं. प्रभूची स्तुती असो.' यातला प्रभू कोणता, हे कोणी विचारलं नाही. सोपानरावांना ड्रायव्हरचा दौंडहून फोन आला, "स्टँडवर तर कुनीच न्हाई आप्पा, दवाखान्यात बघू का?"

निरोप समारंभ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एबनेझरला मानाने पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच इतक्या पुढे बसला होता. फिशपॉन्ड झाले, पोरं हसली, मुली रडल्या. शेवटी आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला प्रभू सर उभे राहिले. आता त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता.

"विद्यार्थी मित्रांनो," सरांनी सुरुवात केली, "जीवनात मागणी आणि पुरवठा..."

बोलता बोलता त्यांची नजर मधल्या खुर्चीवर गेली आणि ते थांबले. सुमितने घाईघाईने कोपराने ढोसायला हात उचलला.

"राहू दे, उठवू नकोस," सर हळूच म्हणाले. "हजर आहे तो."