तात्यांचे वीस नागरिक

आमच्या पाखाडीवर, म्हणजे डोंगर चढणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवर, कोण नागरिक आणि कोण नुसता माणूस, हे तात्या ठरवत. लग्न होऊन मी रत्नागिरीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "सूनबाय, केळ्याची सालं कुठं टाकतेस?"

मी घाबरत म्हटलं, "परसात, माडाच्या मुळाशी."

"मग तू नागरिक."

समोरच्या घरातले तात्या नगरपालिकेत शिपाई होते. निवृत्त झालेले, एकटेच राहत. ते म्हणत, "शहरात घर असलं की माणूस रहिवासी होतो. पायरी आपली वाटली की नागरिक." शेजारचा सदू पान खाऊन पायरीवर थुंकला की आठवडाभर त्याचं नागरिकत्व बंद. सदू मुद्दाम विचारी, "तात्या, आज मी कोण?"

"तू आज चिरा. कुंपणाच्या गडग्यातला."

खालच्या आळीत टीव्ही आले, तरी आमच्या वरच्या टोकाला नळ नव्हता. बायका खालच्या विहिरीवरून हंडे घेऊन पाखाडी चढत. शेवटी तात्यांनी अर्ज करायचं ठरवलं. कचेरीतला कारकून म्हणाला, वीस नागरिकांच्या सह्या आणा. घरं चाळीस होती, पण तात्यांचे नागरिक एकोणीसच भरले.

"सदूची सही घ्या की," माझ्या सासूबाई म्हणाल्या.

"थुंकतो तो."

"अहो, आम्हाला पाणी हवंय. सदूला जावई करायचा नाहीये."

तात्या हलले नाहीत.

नळ पुढे आला, अजून आहे. मला मात्र आठवते ती अर्ज लिहिला ती दुपार. माझं अक्षर बरं म्हणून तात्यांनी मला ओटीवर बसवलं. ते नावं सांगत होते, मी लिहीत होते. एकोणीस झाली. तात्यांनी पायऱ्यांकडे बघितलं.

"लिव. पार्वती."

पार्वतीकाकी म्हणजे त्यांची बायको. मी लग्न होऊन येण्याआधीच वारलेली.

"तात्या, काकी तर..."

"तीस वर्षं दोन-दोन हंडे घेऊन चढली. येताना वाटेतला पाचोळा पायानं कडेला सारायची." मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या कचेरीतच नळाचे अर्ज घेत होते, गो. मी कधी केला नाही."

मी नाव लिहिलं. पुढची सहीची जागा कोरी होती. तात्यांनी शाईची डबी पुढे ओढली.

"तिला सही येत नव्हती," ते म्हणाले, आणि तिच्या नावापुढे त्यांनी आपला अंगठा टेकवला.